सुचलेली युक्ती आणि तिचा हक्क

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



चिटणीसबाईंनी मला आज बोलावयास उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा सराव नाही, आणि कायद्याची पुस्तके वाचलेली मी विदुषीही नव्हे. परंतु पुरणयंत्राच्या एका लहानशा सुधारणेपायी गेली काही वर्षे मला अर्ज, अहवाल, उत्तरे आणि दुकानदार यांच्याशी झगडावे लागले. त्याविषयी पुष्कळजणी वाटेत गाठून विचारतात. प्रत्येकीला अर्धेमुर्धे सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच नीट सांगावे, एवढ्यासाठीच मी हे धाडस करीत आहे.

बायकांना युक्त्या सुचतात, याबद्दल कोणी वाद घालणार नाही. रोज तेच काम तीनशे पासष्ट दिवस करणाऱ्या माणसाला त्या कामातली अडचण जशी कळते, तशी दुसऱ्या कोणास कळणार? पण सुचलेली युक्ती पुढे कोणाची होते, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आज मला तोच विचारावयाचा आहे.

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. शंकरपाळे कातताना त्यांचा हात भरून येई. त्यांनी एका पत्र्याच्या कारागिराकडून एका दांडीवर सहा कातणी बसवून घेतल्या. एकदा ओढले की सात पट्ट्या! साऱ्या आळीला कौतुक. भांड्यांच्या एका दुकानदाराने ते कातण ‘जरा पाहावयास’ म्हणून नेले आणि आठ दिवसांनी परत आणून दिले. पुढल्या दिवाळीत तसलीच कातणे त्याच्या दुकानात दोरीला टांगलेली होती. काही वर्षांनी सासूबाईंचे कातण मोडले, तेव्हा त्यांनी त्याच दुकानातून नवे विकत आणले. त्या कधी तक्रारीचा शब्द बोलल्या नाहीत. “चार बायकांचे हात वाचले, पुरे झाले,” एवढेच म्हणत. त्यांचे मन मोठे होते. पण मला तेव्हापासून वाटते, की देणे आणि नेले जाणे यांत फरक आहे. आपण आपखुशीने दिले तर ते दान. न विचारता कोणी नेले, आणि तेच आपल्याला पैसे घेऊन परत विकले, तर त्याला दान कसे म्हणावे?

आता परदेशातल्या एका गृहिणीची हकीकत ऐका. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाची बाई राहत होती. साल १९०८. त्या वेळी कॉफी उकळली की तिचा चोथा पेल्यात येई आणि चव कडवट लागे. या बाईने एका पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद कापून आत बसविला, वर कॉफीची पूड घालून कढत पाणी ओतले. खाली निवळ कॉफी उतरली. चोथा कागदासकट टाकून दिला की काम झाले.

इथपर्यंत आपल्या सासूबाईंत आणि तिच्यात काही अंतर नाही. अंतर पडते ते पुढे. तिने शेजारणींना भांडी वाटण्याआधी त्याच वर्षी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात आपल्या गाळणीची नोंद करून घेतली. डिसेंबर १९०८ मध्ये स्वतःच्या नावाने व्यवसाय नोंदविला. भांडवल किती? अवघे ७३ फेनिग. म्हणजे एक मार्कसुद्धा नाही. नवरा आणि मुले हाताखाली राबली. पुढल्या वर्षी, १९०९ साली, लाइप्झिगच्या जत्रेत त्यांच्या बाराशे गाळण्या खपल्या.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिने घेतलेली नोंद लहान सुधारणांसाठी असते तशी, थोड्या वर्षांची होती. त्या काळच्या कायद्याने ती फार तर सहा वर्षे चाले. मग आज शंभरावर वर्षे झाली तरी मेलिटा हे नाव कसे टिकले? कारण भांडे एकदा विकत घेतले की झाले, पण कागद रोज लागतो. आणि तो कागद मेलिटाच्या नावाचाच हवा, असे लोकांना वाटावे इतका तिने माल चांगला ठेवला. तेव्हा नोंद म्हणजे रोपाभोवतीचे कुंपण. रोप लहान असते तोवर ते हवेच. पुढे झाडाला स्वतःच्या मुळांवर उभे राहावे लागते.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. आपल्या देशात पेटंटाचा कायदा १९७० सालचा आहे. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. पेटंटाला सरकारी मराठीत एकस्व म्हणतात. एकस्व म्हणजे सरकारशी केलेला सौदाच समजा. आपण आपली युक्ती काहीही न लपविता लिहून द्यावयाची, आणि त्याबद्दल सरकार अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना सांगते, की या बाईच्या परवानगीवाचून ही वस्तू करू नका, विकू नका. वीस वर्षांनंतर ती युक्ती साऱ्या जगाची. जर्मनीतल्यासारखी लहान सुधारणांसाठी थोड्या वर्षांची वेगळी नोंद मात्र आपल्याकडे नाही. त्यामुळे आपली लहान युक्तीदेखील मोठ्या परीक्षेला बसवावी लागते.

या परीक्षेत तीन प्रश्न असतात. वस्तू नवी आहे का? ती त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखी तर नाही ना? आणि ती कारखान्यात तयार करून उपयोगात आणता येईल का? तिसऱ्या प्रश्नात आपण सहसा नापास होत नाही. घोटाळा पहिल्या दोहोंत.

दुसऱ्या प्रश्नाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रसिद्ध आहे, आणि योगायोगाने तो भांड्यांचाच आहे. उत्तर प्रदेशातल्या एका भांडी कारखानदाराने लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ साली मागितले, आणि ते त्याला मिळाले. दुसरा कारखानदार त्याच्याशी भांडला. खटला चालत चालत १९७८ साली न्यायालयाने सांगितले, की ही तर कारखान्यात रोज होणारी साधी सुधारणा आहे. हिच्यात शोध असा नाही. पेटंट गेले. सत्तावीस वर्षांची गोष्ट! तेव्हा ‘मी दांडी लांब केली, मी भोके वाढविली’ एवढ्यावर कोणी विसंबू नये. आपल्या बदलाने असे काही घडले पाहिजे, की जे पाहून त्या धंद्यातला माणूसही म्हणेल, “अरे, हे आम्हाला कसे सुचले नाही?”

पहिल्या प्रश्नासाठी हळदीची गोष्ट सांगते. आपण सांगलीकर, हळदीच्या पेठेतली माणसे. ती आपल्याला ठाऊक असलीच पाहिजे. जखमेवर हळद लावतात हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला हरकत घेतली. जुने ग्रंथ, छापील लेख असे पुरावे पुढे केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ‘आमच्याकडे पूर्वीपासून आहे’ हे नुसते तोंडाने सांगून भागले नसते. लिहिलेले होते म्हणून उपयोग झाला. आणि याची दुसरी बाजूही समजून घ्या: जे आजीपासून चालत आले आहे त्याचे पेटंट जसे परक्याला मिळत नाही, तसे आपल्यालाही मिळत नाही. मसाल्याच्या प्रमाणाचेही तेच. चार पदार्थ एकत्र केले आणि त्यांच्या आपापल्या गुणांपेक्षा निराळे काही निपजले नाही, तर कायदा त्याला शोध म्हणत नाही. गोडा मसाला आपल्या हातचा विशेष असेल, तर ते प्रमाण कोणाला न सांगणे हेच त्याचे कुलूप.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. अर्ज करण्यापूर्वी वस्तू चारचौघांत मांडली, विकली, वर्तमानपत्रात छापली किंवा मोबाइलवर तिचे चित्र सगळ्यांना पाठविले, तर ती नवी राहत नाही. मग आपलीच वस्तू आपल्याच अर्जाच्या आड येते. सरकारने खास जाहीर केलेल्या प्रदर्शनांना थोडी सवलत आहे, पण आपले हळदीकुंकवाचे प्रदर्शन त्यांत बसत नाही! तेव्हा क्रम असा: आधी अर्ज, मग प्रदर्शन, मग बाजार. हा क्रम उलटा झाला की मागे फिरता येत नाही.

अर्जाला घाबरण्याचे कारण नाही. वस्तू पुरती सिद्ध झाली नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो. त्यात युक्तीचे वर्णन आणि आकृती द्यावयाची. त्या दिवसाची तारीख आपली झाली. मग बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. तो दिला नाही तर अर्ज सोडून दिला असे समजतात. संगणकावरून स्वतःच्या नावाने अर्ज केला तर शुल्क १,६०० रुपये आहे. नंतर तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, तिचे ४,००० रुपये. ही मागणी पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत झाली पाहिजे. आपोआप कोणी तपासत नाही. एरवी अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आणि आपल्यासाठी एक चांगली गोष्ट अशी, की २०१९ सालापासून अर्जदारांत एक जरी स्त्री असली, तरी तपासणी लवकर करून मागता येते. तिचे शुल्क ८,००० रुपये, आणि अर्ज लवकर प्रसिद्ध करण्याचे २,५०० रुपये. म्हणजे सावकाश गेले तर ५,६०० आणि लवकर गेले तर १२,१०० रुपये सरकारी खर्च. लिहून देणाऱ्या जाणकाराचे पैसे वेगळे. पुढे एकस्व जिवंत ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून दरसाल शुल्क भरावे लागते. सहाव्या वर्षापर्यंत ते ८०० रुपये असते, नंतर वाढत जाते.

आणखी एक गोष्ट. अर्जात युक्ती कोणाला सुचली, हे लिहिण्याची जागा असते. तिथे जिला सुचली तिचेच नाव असावे. “घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव घातले म्हणजे बरे दिसते,” असे मला एका नातलगांनी सुचविले. आमच्या ह्यांनीच त्यांना उत्तर दिले, “पुरण मी कधी वाटले आहे का?”

आता माझ्या पुरणयंत्राविषयी. आता त्याला एकस्व मिळालेले आहे, म्हणून उघड सांगण्यास हरकत नाही. आपले नेहमीचे पुरणयंत्र तुम्ही सर्वजणी जाणताच. वर डबा, त्याला चाळणीचे बूड, आत पाते आणि फिरवावयास दांडा. दांडा फिरविला की डाळीपेक्षा यंत्रच अधिक फिरते! एका हाताने ते दाबून धरावे लागते. होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी आल्या, की मंडळात एक बाई फिरवावयास आणि दुसरी धरावयास बसते. मला वाटले, फिरविण्याचा जो जोर यंत्राला हलवितो, त्याच जोराने ते घट्ट का बसू नये? मी यंत्राच्या पायांऐवजी एक कडे बसविले. त्याच्या आतल्या बाजूला तीन उतरत्या पट्ट्या आहेत. ते पातेल्याच्या काठावर ठेवून दांडा फिरवू लागले, की पट्ट्या काठावर चढतात आणि पाचरीसारख्या आवळतात. जितके फिरवाल तितके घट्ट. उलट अर्धा फेरा दिला की मोकळे. पातेल्याखाली एक ओले फडके घातले की दुसऱ्या बाईची गरज नाही. शिवाय पात्याला स्प्रिंग लावून ते चाळणीवर दाबून धरण्याचीही सोय केली.

पहिला नमुना मी जाड पुठ्ठ्याचा केला. दुसरा कुपवाडच्या एका लेथवाल्याकडून पत्र्याचा. त्याला काम देण्यापूर्वी मी एका साध्या कागदावर लिहून घेतले, की ही वस्तू तो दुसऱ्या कोणास दाखविणार नाही आणि दुसऱ्यासाठी करणार नाही. तो हसला. म्हणाला, “वहिनी, पुरणयंत्राची एवढी काळजी?” पण सही केली. त्या वर्षी होळीला मंडळात पुरण नेहमीसारखे दोघींनी वाटले, आणि माझे यंत्र माडीवर पोत्याखाली झाकलेले होते. ते पाहून जाऊबाई मला चिडवीत, “माडीवर काय सोने पुरले आहे?” मी नुसती हसे. २०२२ च्या फेब्रुवारीत तात्पुरता अर्ज गेला. अर्ज मुलीने संगणकावर भरला. आकृत्या मी काढल्या. पूर्ण तपशील पुण्याच्या एका जाणकार वकिलांनी लिहून दिला, तो २०२३ च्या जानेवारीत गेला.

मग परीक्षकांचा पहिला अहवाल आला. तो वाचून प्रथम छाती दडपते, म्हणून सांगून ठेवते. त्यात बहुतेक सर्वांनाच हरकती येतात. तो नकार नव्हे, ती प्रश्नपत्रिका असते. उत्तराला सहा महिन्यांची मुदत असते. माझ्या अहवालात एका जुन्या विदेशी यंत्राचा दाखला होता. तिकडे भाज्या शिजवून गाळण्याचे यंत्र असते, अगदी आपल्या पुरणयंत्राचा चुलतभाऊ. त्यात पात्याला स्प्रिंग पूर्वीच होती. मी तो दाखला दहा वेळा पाहिला. माझी युक्ती समुद्रापलीकडे कोणाला आधीच सुचली होती, याचे वाईट वाटावे की नवल, हेच कळेना! वकील म्हणाले, “स्प्रिंगेचा दावा सोडा, कड्याचा धरून ठेवा.” पाचरीसारखे आवळणारे कडे त्या दाखल्यात कोठे नव्हते. आम्ही तसे उत्तर दिले, आणि २०२४ साली तेवढ्या कड्याचे एकस्व मिळाले. यावरून समजून घ्या, की हक्क आपल्या साऱ्या यंत्राचा नसतो. दाव्यात जे शब्द शेवटी टिकतात तेवढ्यांचाच असतो. दावा शेताच्या बांधासारखा असतो. फार पसरला तर दुसऱ्याच्या शेतात जातो, फार आखडला तर कोणीही वळसा घालून आत येतो.

कागद आला त्या दिवशी मी तो देवापुढे ठेवला. परंतु भगिनींनो, त्या दिवशी घरात एक रुपयाही आला नाही.

अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईला १९०३ साली मोटारीच्या काचेवरील पाऊस पुसण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. १९०५ साली तिने कॅनडातल्या एका कंपनीला ते विकू पाहिले. कंपनीने कळविले, की याला बाजारात काही किंमत नाही. सतरा वर्षे सरली, १९२० साली हक्क संपला, आणि त्यानंतर मोटारी घरोघर झाल्यावर तसले साधन प्रत्येक मोटारीला बसू लागले. तिला त्यातून काही मिळाले नाही. तिची युक्ती खरी होती, कागदही खरा होता. माल करून विकणारा हात मात्र मिळाला नाही.

याउलट फ्रान्समधला ज्याँ मांतले. भाज्या गाळण्याचे जे यंत्र मी आता सांगितले, तसले यंत्र त्याने १९३२ साली बाजारात आणले. ल्योंच्या जत्रेत ३६ फ्रँकांना ठेवले, तर कोणी घेईना. त्याच वर्षी पॅरिसच्या जत्रेत त्याने किंमत २० फ्रँक केली, आणि झुंबड उडाली. त्यातून पुढे मुलिनेक्स हा मोठा कारखाना उभा राहिला. यंत्र तेच, गिऱ्हाईकही गृहिणीच. फरक सोळा फ्रँकांचा.

माझाही अनुभव काही निराळा नाही. सबंध यंत्र मला ६४० रुपयांना पडत होते. दुकानदाराचे कमिशन धरून ते नऊशेच्या घरात जाई. दोन दुकानदारांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, “नमुना रात्रभर ठेवून जा.” तेव्हा अर्ज कधीच झालेला होता, तरी मला सासूबाईंचे कातण आठवले आणि मी नमुना पिशवीत घालून घरी आणला. शेवटी मार्ग कोणी दाखविला, तर आपल्याच मंडळातल्या एका भगिनीने. ती म्हणाली, “अहो, पुरणयंत्र घरोघर आहेच. ते टाकून नवे कोण घेणार? तुमचे कडे तेवढे विका की!” इतकी सरळ गोष्ट! जुन्या यंत्राचे पाय काढून त्याच स्क्रूंवर कडे बसेल असे मी करून घेतले. ते १४० रुपयांना पडते आणि २२० ला विकते. पहिली चाळीस कडी एका चैत्रात संपली, त्यांतली अकरा या सभागृहात बसलेल्या भगिनींनी घेतली आहेत. मी श्रीमंत झाले नाही. पण लेथवाल्याचे पैसे रोख जातात, वकिलांचे देणे फिटले, आणि दरसालचे शुल्क कडीच भरतात.

वस्तूच्या रूपाविषयी आणि नावाविषयी थोडे सांगते. वस्तूचे काम नवे नसेल पण रूप, घडण, नक्षी नवी असेल, तर डिझाइनची नोंदणी करता येते. तिचे शुल्क एका व्यक्तीला १,००० रुपये आहे. ती दहा वर्षे चालते, आणि पुढे आणखी पाच वर्षे वाढविता येते. तीही वस्तू लोकांपुढे येण्याआधीच करावी लागते. आणि नाव तर सर्वांनाच हवे. ट्रेडमार्कची नोंद संगणकावरून एका व्यक्तीला, मालाच्या एका वर्गासाठी, ४,५०० रुपयांत होते. ती दहा वर्षांची असते, पण दर दहा वर्षांनी नवी करीत गेले तर तिला शेवट नाही. वीस वर्षांनी माझ्या कड्याचा हक्क संपेल, नाव मात्र नातीपर्यंत जाईल. ते नाव मी येथे सांगत नाही. स्मरणिकेत फुकट जाहिरात केल्यासारखे होईल, आणि जाहिरात समितीच्या भगिनी माझ्याकडे पैसे मागतील!

नावाचे बळ पाहावयाचे तर दूर जाण्याचे कारण नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. पापड म्हणजे काही शोध नव्हे. त्याचे पेटंट कोणी देणार नाही. पण प्रत्येक पापड सारखा, आणि त्यावर लिज्जत हे एकच नाव. त्या नावावर पुढे हजारो बायकांची घरे चालली.

आता एक शंका उरते, ती आपल्यातल्याच वडीलधाऱ्या बायकांनी मला बोलून दाखविली आहे. “आपल्या आईने, आजीने कधी हक्क मागितला का? स्वयंपाकघरातल्या गोष्टींना कसली आली मालकी?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. लोणच्याची कृती, बाळंतिणीचा काढा, टाक्यांचे नमुने हे आपण एकमेकींना देतच राहावे. त्यावर कोणी कुलूप घातले तर ते मला आवडणार नाही. पण जी वस्तू कारखान्यात होणार, दुकानात विकली जाणार, तिचे पैसे कोणाच्या तरी खिशात जाणारच आहेत. प्रश्न एवढाच, की जिच्या हाताला फोड आले तिच्या खिशात काही जाणार की नाही. आणि ज्याला वाटायचेच आहे, त्याने आधी नोंद करून मग वाटले तरी चालते. मग ते खरे दान होईल. उद्या दुसरा कोणी त्यावर आपली मोहोर उठवून आपल्यालाच अडवू शकणार नाही.

हे सारे आजच सांगण्यास कारण आहे. आपल्या वर्धापनदिनाचे प्रदर्शन तोंडावर आले आहे. आपल्यातल्या एका भगिनीने एक उपयोगी वस्तू तयार केली आहे. ती काय आहे हे मी सांगणार नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही सांगू नये. ती प्रदर्शनात पहिल्या टेबलावर मांडावी असा काहींचा आग्रह आहे. वस्तू चांगली आहे, मंडळाला भूषणावह आहे, हे मलाही मान्य. परंतु माझी कार्यकारिणीला हात जोडून विनंती आहे, की त्या भगिनीचा तात्पुरता अर्ज जाईपर्यंत ती वस्तू मांडू नये. तीन दिवसांचे कौतुक मिळेल, आणि वीस वर्षांचा हक्क जाईल. १,६०० रुपयांची अडचण असेल, तर मंडळाच्या शिलकीतून ते उसने द्यावेत. वस्तू खपू लागली की ती परत करील. प्रदर्शनात तिच्या जागी माझे कडे ठेवा; त्याला आता लपविण्यासारखे काही उरलेले नाही.

आणि प्रत्येकीने एक वही करावी. युक्ती सुचली की त्या दिवसाची तारीख घालून चार ओळी आणि एक वेडीवाकडी आकृती काढून ठेवावी. वहीने हक्क मिळत नाही, तो अर्जानेच मिळतो. पण विचार स्पष्ट होतो, आणि ‘मला पूर्वीच सुचले होते’ असे हळहळण्याऐवजी पुढे काय करावे हे दिसू लागते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे फुकट पाहता येतात. ती पाहण्याच्या कामी आपल्या कॉलेजातल्या मुलींना बसवावे. त्यांनाही कळेल की आईच्या डोक्यात काय काय चालते!

शेवटी एवढेच सांगते. युक्ती सुचणे आपल्या हाती नाही, पण ती सुचल्यावर आधी तोंड मिटून अर्ज करणे आणि मग तोंड उघडून माल विकणे, हे दोन्ही आपल्या हाती आहे. आपण बायका एरवी या दोहोंचा क्रम उलटा करतो, असे पुरुषमंडळी म्हणतात. ते खोटे ठरविण्याची संधी या प्रदर्शनात आहे.